मला, मिग, म्येर

लेकीने माझी चूक पहिल्यांदा काढली तेव्हा ती दहा वर्षांची होती. मी ओट्याशी उभी राहून फोनवर बोलत होते. उद्या मला जरा लवकर निघायचंय, असं कामावरच्या बाईंना सांगायचं होतं. ते मी आइसलँडिकमध्ये सांगितलं आणि वाक्याची सुरुवात केली 'म्येर लाउंगार' अशी. फोन ठेवला, तर ही वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आई, म्येर नाही. मिग लाउंगार."

"त्यांना कळलं ना? मग झालं."

"कळलं गं. पण तो आजार आहे."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण या चुकीला इथे खरोखरच आजार म्हणतात. थाउगुफाल्स-सीकी. थाउगुफाल म्हणजे आपली चतुर्थी विभक्ती आणि सीकी म्हणजे रोग. इच्छा होणे, हवंसं वाटणे अशा काही क्रियापदांबरोबर 'मिग' म्हणजे द्वितीयेतलं 'मला' यायला हवं. त्याजागी 'म्येर', चतुर्थीतलं 'मला' वापरलं की झाली लागण. व्याकरणातल्या चुकीला रोगाचं नाव देणारा दुसरा देश मी पाहिलेला नाही. तसे मी देश दोनच पाहिलेत म्हणा.

ती आता अठरा वर्षांची आहे, मेन्तास्कोलीच्या शेवटच्या वर्षाला. इथे सहा ते सोळा वयापर्यंत सक्तीची शाळा, आणि मग पुढची तीन वर्षं ही. २०१५ च्या आधी ती चार होती. शेवटी स्तूदेन्त्सप्रोव नावाची परीक्षा, आणि पास झालं की डोक्यावर पांढरी टोपी घालून गावभर फोटो. कुणी भौतिकशास्त्र घेवो नाहीतर चित्रकला, आइसलँडिक भाषा आणि साहित्य कुणाला चुकत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेली तीन वर्षं तो विषय मीही शिकतेय, न बोलावता. कणीक मळता मळता.

सुरुवात घोड्यापासून झाली. इथली पोरं विभक्ती पाठ करतात ती अशी: ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ती, तिल हेस्त्स. हा घोडा, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. पहिल्यांदा ऐकलं आणि मला हसूच फुटलं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पत्र्याच्या शाळेत आम्ही याच ठेक्यात 'स ला ते, स ला ना ते' घोकलेलं. आपल्या विभक्त्या आठ, यांच्या चारच. पण शब्दाला शेपूट लागताना त्याचं अंगही बदलतं, घोडाचा 'घोड्या' होतो, ही भानगड इथेही आहे. लिंगंही तीनच, आणि टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी याला इथेही कारण विचारायचं नसतं.

मला या भाषेत पाय टेकायला जागा मिळाली ती मात्र 'मला'मुळेच. पहिल्या हिवाळ्यात मी परदेशी लोकांसाठीच्या वर्गाला जायचे. 'म्येर एर काल्त' या वाक्यापाशी अर्धा वर्ग अडला. शब्दशः अर्थ, मला थंड आहे. यात कर्ता कुठे गेला, म्हणून लोक हैराण. मी एकटी निवांत. मला थंडी वाजते, मला कंटाळा येतो, मला वाटतं, मला आवडतं. आपलं निम्मं आयुष्य 'मी'शिवायच चालतं की! म्येर लेदिस्त, मला कंटाळा आलाय. म्येर फिन्स्त, मला वाटतं. मराठी डोक्यात ठेवून जिभेवर आइसलँडिक आणायची, बस. घोटाळा झाला तो पुढे. मला स्वप्न पडतं, इथे 'म्येर' चालत नाही, 'मिग द्रेमिर' म्हणावं लागतं. मला अमुक हवंय, तिथेही मिग. का, तर तसंच आहे. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थी दोघींचे प्रत्यय एकच असल्यामुळे 'मला' म्हणताना ते कोणत्या विभक्तीतलं, हे कुणाच्या बापाला कळत नाही. मराठी माणसाला हा आजार होणं शक्यच नाही, किंवा मग आपण सगळे जन्मापासून आजारी आहोत.

पण मला लागण मराठीतून झालेली नव्हती. ती एका आजीबाईंकडून झाली.

मी रेक्याविकमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. आंघोळी, जेवण, गोळ्या, आणि बरंचसं ऐकणं. माझी खरी आइसलँडिक मी वर्गात शिकले नाही, तिथे शिकले. तिथल्या एक आजीबाई नव्वदीच्या पुढच्या, पूर्वेकडच्या फ्योर्डांतल्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्यांतल्या, नवरा मासेमारीच्या बोटीवर. रोज सकाळी मी पडदे सरकवले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "म्येर लाउंगार इ काफी." मला कॉफी हवीशी वाटतेय. दोन वर्षं रोज हे वाक्य कानावर पडल्यावर माझ्या तोंडात दुसरं काय बसणार? नव्वद वर्षं हीच भाषा बोललेली बाई चुकीचं बोलत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

याच आजीबाई स्किरला स्केर म्हणतात. स्किर म्हणजे आपल्या चक्क्यासारखा दाट दह्याचा प्रकार, इथे घरोघरी खातात. स्केर म्हणजे समुद्रातून डोकं वर काढणारा खडक. मी पहिल्यांदा गोंधळले, या बाई न्याहारीला खडक का मागतायत म्हणून. लेकीला विचारलं. तिच्या वर्गात तेव्हा नेमकं बोलींचं प्रकरण चालू होतं. याला फ्लाउमाइली म्हणतात, ती म्हणाली. 'इ'चा उच्चार 'ए'कडे झुकतो, आणि 'उ'चा 'ओ'कडे. पूर्वेकडे होता, नैर्ऋत्येला होता, उत्तरेच्याही एका भागात होता. १९४० च्या दशकात ब्योर्न गुद्फिन्सोन नावाचे अभ्यासक गावोगाव हिंडले आणि हजारो माणसांचे, त्यातही मुख्यतः शाळकरी मुलांचे उच्चार त्यांनी नोंदवले. त्यानंतर शाळांनी ही बोली घालवायची मोहीमच काढली. ती घालवलीही. आज तरुणांत जवळजवळ कुणी तसं बोलत नाही.

म्हणजे माझ्या आजीबाई त्या नोंदवल्या गेलेल्या पिढीतल्या. एकदा पायाला क्रीम लावताना मी विचारलंच. त्या म्हणाल्या, शाळेत मास्तर एकेकाला उभं करून स्किर म्हणायला लावायचे. मग त्यांनी तो उच्चार सोडला, राजधानीत आल्या, इथे लग्न केलं, मुलांना वाढवलं, पन्नास-साठ वर्षांत कुणाला कळलंसुद्धा नाही की या मूळच्या कुठल्या. आता त्यांना मुलांची नावं आठवत नाहीत. पण 'ए' परत आला.

मी त्या दिवशी बसस्टॉपवर बराच वेळ उभी राहिले, दोन बस सोडल्या. कारण मास्तर उभं करतात म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आठवीला मला पुण्याला मामाकडे ठेवलं. पहिल्या आठवड्यातच वर्गात मी 'पानी' म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, उभी राहा आणि दहा वेळा म्हण, पाणी. मग लोणी. मग कोण. वर्ग हसत होता, बाईही थोड्या हसत होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनीच मला पुढे निबंधाला बक्षीस दिलं. पण मी त्यानंतर कितीतरी महिने तो शब्दच टाळला. मामीला म्हणायचे, तांब्या भरून देता का? मामी म्हणायची, किती शहाण्यासारखं बोलते पोरगी.

तर, शुद्ध भाषेच्या बाजूने मला काही बोलायचं असेल तर ते हे सगळं लक्षात ठेवूनच बोलावं लागेल. आणि बोलायचं आहे. कारण गेल्या वर्षी घरात न्याउला आली.

न्याउला म्हणजे न्यालची सागा, लाडाने. सागा म्हणजे इथली जुनी, गद्यातली लांबलचक गोष्ट. १२८० च्या आसपास कुणीतरी लिहिली, लेखकाचं नाव माहीत नाही. न्याल आणि गुन्नार या दक्षिणेतल्या दोन मित्रांची आणि त्यांच्या बायकांची गोष्ट, आणि पन्नासेक वर्षं चालणारी सूडांची साखळी. न्यालची बेर्गथोरा आणि गुन्नारची हाल्गेर्दुर एका मेजवानीत कुठे बसायचं यावरून भांडतात, मग एकमेकींचे नोकर मारायला लावतात, आणि नवरे प्रत्येक खुनाची भरपाई चांदीत करतात. त्यात तीच थैली या घरातून त्या घरात आणि परत अशी फिरते. लेक जेवताना हे सांगायची तेव्हा मला आमच्या भावकीतले बांधाचे तंटे आठवायचे. फक्त आमच्याकडे चांदी नव्हती.

मुद्दा गोष्टीचा नाही. मुद्दा असा, की ती ते वाचत होती. सातशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, सोफ्यावर आडवी पडून, एका हातात सफरचंद. स्पेलिंग आजचं केलेलं असतं, अवघड शब्दांना खाली टिपा असतात, आणि उच्चार तर त्या काळचे आजच्यापेक्षा पुष्कळच वेगळे होते म्हणतात. पण वाक्य तेच. हाल्गेर्दुरने दुष्काळात दुसऱ्याच्या घरचं चीज चोरून आणवलं म्हणून गुन्नार तिच्या थोबाडीत मारतो. थोबाडीत मारण्याला यांच्याकडे किन्हेस्तुर म्हणतात, म्हणजे गालावरचा घोडा, आणि तो शब्द आजही जिवंत आहे. पुढे शत्रूंनी घर वेढलेलं असताना गुन्नारच्या धनुष्याची दोरी कापली जाते. तो बायकोकडे तिच्या लांब केसांच्या दोन बटा मागतो, दोरी वळायला. ती विचारते, यावर काही अवलंबून आहे का? तो म्हणतो, माझा जीव. मग ती त्याला त्या घोड्याची आठवण करून देते. बटा देत नाही.

"बरोबर केलं तिने," मी म्हणाले.

"आमच्या वर्गात निम्मे तिच्या विरोधात आहेत," लेक म्हणाली. तिच्या शिक्षकाला ती नावाने, एकेरीत हाक मारते; इथे सगळेच मारतात. मला अजून जमत नाही, पालकसभेत मी वाक्यंच अशी रचते की हाक मारायची वेळ येऊ नये. तर तो शिक्षक म्हणे दरवर्षी हा खटला वर्गात चालवतो आणि निकाल कधीच लागत नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "तुमच्याकडे त्या वेळचं काय आहे?"

मी फुशारकीने म्हणाले, ज्ञानेश्वरी. शके बाराशे बारा, म्हणजे १२९०. तुमच्या न्याउलाच्या पाठीला पाठ लावून आलेली. आणि लीळाचरित्र तर त्याहून थोडं आधीचं, तेही गद्य.

"वाच ना."

फोनवर काढली. 'ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या' इथवर सुरात गेलं. आणखी चार-पाच ओव्या झाल्या आणि मी खाली अर्थ शोधायला लागले. तिने पाहिलं. काही बोलली नाही, हेच जास्त लागलं. माझे आजोबा माळकरी होते, पसायदान मला झोपेतही येतं. पण 'खळांची व्यंकटी' म्हणजे खळांच्या घरातली व्यंकटी नावाची कुणी बाई, जी कुणीतरी सांडून ठेवलीय, असं मी आठवीपर्यंत समजत होते. ते सांगितल्यावर ती इतकी हसली की सफरचंद पडलं.

असं का झालं, ते मला थोडंफार समजतं. मराठी भर बाजारात राहिली. फारसी आली, पोर्तुगीज आली, इंग्रजी आली, तिने सगळ्यांना घरात घेतलं, आणि बोलणारी माणसं कोटींनी. आइसलँडिक एका बेटावर राहिली. आज सगळा देश मिळून चार लाखांच्या आतबाहेर, परभणी शहराहून थोडा मोठा. दारं लावून घेणं त्यांना परवडलं. नवे शब्दही ते घरातच घडवतात. संगणकाला तोल्वा: ताला म्हणजे संख्या आणि व्होल्वा म्हणजे भविष्य सांगणारी बाई, दोन्ही एकत्र करून १९६० च्या दशकात प्राध्यापक सिगुर्दुर नोर्दाल यांनी बनवला. टेलिफोनला सीमी, दोऱ्यासाठीच्या एका विसरलेल्या जुन्या शब्दावरून. गुरुत्वाकर्षणाचा शब्द योनास हाल्ग्रिम्सोन या कवीचा, आणि त्याचा वाढदिवस, १६ नोव्हेंबर, हा त्यांचा भाषा दिन, जसा आपला कुसुमाग्रजांचा. घडवलेले शब्द आपल्याकडेही आहेत. महापौर चालला, दिनांक चालला. भ्रमणध्वनी मी फक्त लग्नपत्रिकेवर पाहिलाय. इथे मात्र मासेवाला पण तोल्वाच म्हणतो. आणि त्यातही गंमत बघा, कित्येक जण 'ताल्वा' म्हणतात, आणि तेही चूकच!

हस्तलिखितांवरचं यांचं प्रेम मला आधी अति वाटायचं. वासरांच्या कातड्यावर लिहिलेली ही पुस्तकं सतराव्या-अठराव्या शतकांत कोपनहेगनला गोळा झाली आणि तिथेच राहिली. २१ एप्रिल १९७१ ला डेन्मार्कच्या नौदलाचं जहाज त्यातली पहिली दोन घेऊन परत आलं तेव्हा शाळांना सुट्टी होती आणि बंदरावर माणूस मावत नव्हता. आजीबाई तिथे होत्या, पोरगं खांद्यावर घेऊन. "दोन पुस्तकं," त्या दोन बोटं दाखवून सांगतात, "दोनच." आता त्या सगळ्या हस्तलिखितांसाठी एद्दा नावाची लंबगोल इमारत झालीय, बाहेरच्या भिंतींवर जुनी अक्षरं कोरलेली. अर्थात २०१३ मध्ये पाया खणल्यावर पैशांअभावी काम अनेक वर्षं थांबलं होतं, आणि गावात त्या जागेला 'आइसलँडिक अभ्यासाचा खड्डा' म्हणत. इमारत उघडली २०२३ मध्ये. हे ऐकून मला इथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

स्नोरी स्टुर्लुसोनच्या एद्दा याच नावाच्या पुस्तकातल्या देवांच्या गोष्टींचा मात्र मी फडशा पाडला. तेराव्या शतकातला हा माणूस मोठा राजकारणी, १२४१ साली स्वतःच्याच घरात मारला गेला. त्याने कवितेची उत्पत्ती सांगितलीय. कवित्व म्हणजे एक मद्य, राक्षसाच्या ताब्यात होतं. ओदिन देवाने ते पिऊन टाकलं आणि गरुड होऊन उडाला. राक्षसही गरुड होऊन मागे. इतर देवांनी अंगणात भांडी मांडली होती, त्यांत ओदिनने ते ओकलं. पण राक्षस इतका जवळ आला होता, की थोडं मद्य ओदिनच्या मागच्या बाजूने निसटलं. ते कुणीही घ्यावं, त्यावर पहारा नाही. तो भुक्कड कवींचा वाटा.

मी म्हणाले, अगं, हा आपला गरुड आणि अमृतकुंभ! आपल्याकडेही थेंब सांडले, कुणी म्हणतात गरुडाकडून, कुणी म्हणतात जयंताकडून. एक नाशिकला पडला, तिथे कुंभमेळा भरतो. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे सांडलेल्यालाही रांग लागते." हे तिने मराठीत म्हटलं, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

आणि या वर्षी लाक्सनेस. हाल्दोर लाक्सनेस, १९५५ चं नोबेल. 'स्वतंत्र माणसं' ही कादंबरी १९३४-३५ ची, ब्यार्तुर नावाच्या मेंढपाळ शेतकऱ्याची. अठरा वर्षं राबून जमिनीचा तुकडा स्वतःचा करतो आणि त्या मालकीपायी बायका, पोरं, सगळ्यांची माती करतो. महायुद्धात लोकरीला भाव येतो, हा कर्ज काढून पक्कं घर बांधतो, भाव पडतात, घर जातं. लेक म्हणाली, "आई, हे आबा आहेत." माझे वडील. मी काही बोलले नाही. लोकरीच्या जागी कापूस लिहिला तर बोरीपासून जिंतूरपर्यंत कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुस्तक मला भाषेमुळे नीट वाचता येत नाही, आणि त्या एका कारणासाठी बरंच वाटलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिच्या पुस्तकात मला एक शब्द ओळखीचा दिसला, पण स्पेलिंग वेगळं. 'लाउंगार'. जसा कानाला ऐकू येतो तसा लिहिलेला. मी म्हटलं, हे चुकलंय. ती म्हणाली, नाही, लाक्सनेसचं शुद्धलेखन त्याचं स्वतःचं होतं, सरकारी नियम तो मानायचा नाही. १९४१ मध्ये इथे कायदा झाला, जुन्या सागा परवानगीशिवाय, आजच्या शुद्धलेखनात छापायच्या नाहीत. कारण त्याने एक छापायला घेतली होती. पुढल्या वर्षी त्याने आणि त्याच्या प्रकाशकाने मुद्दाम दुसरी छापली. खटला झाला, दंड झाला, आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. आता त्याचीच पुस्तकं शाळेत लावतात, त्याच्याच स्पेलिंगसकट, आणि पोरांनी तसं लिहिलं की लाल शाई.

"मग तू त्या शिक्षकाला विचारलंस का?"

"विचारलं. तो म्हणाला, आधी नोबेल आण."

शेवटच्या निबंधाला तिने चतुर्थीचा आजारच घेतलाय. त्यात मराठीची तीन वाक्यं आहेत, आज्जीची. व्हिडिओ कॉलवर बसवून तिने माझ्या आईकडून वदवून घेतली. मला तहान लागली. मला पानी दे. मला झोप येतेय. 'पानी' तिने तसंच लिहिलंय, 'न'ने. मी ते पाहिलं, पेन हातात होतं, आणि ठेवून दिलं.

इथली बरीच पोरं शाळा सांभाळून शनिवार-रविवार कुठेतरी काम करतात. ही गेल्या शरदापासून आमच्याच वृद्धाश्रमात येते. मागच्या रविवारी मी गोळ्यांची ट्रॉली घेऊन दाराशी होते. तिने पडदे सरकवले. बाहेर अजून अंधारच होता, नऊ वाजले तरी. आजीबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "म्येर लाउंगार इ काफी."

मी वाट बघत राहिले.

हिने कपात कॉफी ओतली, कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला, आणि विचारलं, "आणि स्केर? थोडं स्केरही देऊ?"

आजीबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"साखर घालून," त्या म्हणाल्या. "आणि साय."